डोळ्यातील भिंग आणि पारपटलाचा प्राणवायू
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी तरुण मुलामुलींच्या आरोग्याविषयी काही बोलावे, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. आम्ही शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर, डॉक्टर नव्हे. तेव्हा जे पुस्तकांत वाचले आणि जे घरात पाहिले, तेवढेच सांगणार आहोत. डोळ्यात बसवायचे जे नरम भिंग, ज्याला आपण सारे काँटॅक्ट लेन्स म्हणतो, त्याच्याखाली डोळ्याला प्राणवायू कसा मिळतो, हा आमचा विषय.

हा विषय आम्हाला शिकवला तो आमच्या भाचीने. तिला लहानपणापासून जाड चष्मा. लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा पाहुण्यांपुढे चष्मा नको, म्हणून घरच्या वडील माणसांनी तिला लेन्स घेऊन दिल्या. त्या वडील माणसांत आम्हीही होतो, हे येथे कबूल करतो. लग्न झाले. तीन महिन्यांनी ती माहेरी आली, तेव्हा डोळे लाल, उजेड सोसवेना, आणि सकाळी उठल्यावर दिव्याभोवती रंगीत कडी दिसत. डॉक्टरांनी विचारले, "रात्री लेन्स काढतेस ना?" ती गप्प राहिली. घरी आल्यावर मात्र आम्हाला म्हणाली, "मामू, काढू कशा? काढल्या की चष्मा लावावा लागणार. सासरी कोणाला माहीतच नाही."

आता तिच्या डोळ्यात काय घडत होते ते पाहू. डोळ्याच्या दर्शनी भागी पारपटल नावाचा पारदर्शक पडदा असतो. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. शरीराच्या इतर भागांना रक्त प्राणवायू पुरवते. परंतु पारपटलात रक्तवाहिन्या नाहीत. त्या असत्या तर त्यातून स्वच्छ दिसले नसते. म्हणून पारपटल आपला बहुतेक प्राणवायू थेट हवेतून, अश्रूंच्या पातळ थरातून घेते. डोळा मिटला की हवा बंद होते, आणि पापणीच्या आतील बाजूच्या रक्तवाहिन्यांवर भागवावे लागते. उघड्या डोळ्यावर प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे 155 मिलिमीटर असतो; मिटलेल्या पापणीखाली तो 55 ते 60 वर येतो. त्यामुळे लेन्स न वापरणाऱ्याचेही पारपटल झोपेत तीन-चार टक्के सुजते आणि सकाळी डोळे उघडल्यावर ती सूज उतरते.

यात लेन्सची भर पडली की काय होते? नरम लेन्सचा शोध लावला चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी. 1961 सालच्या नाताळात त्यांनी आपल्या घरी, मुलांच्या खेळण्यातल्या सुट्या भागांचे यंत्र जुळवून व त्याला सायकलचा डायनॅमो लावून, पहिल्या चांगल्या लेन्स तयार केल्या. हा पदार्थ पाणी शोषून मऊ होतो, आणि त्यातल्या पाण्यातून प्राणवायू पलीकडे झिरपतो. मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो, तसेच हे. परंतु या पहिल्या पदार्थात पाणी सुमारे 38 टक्केच होते, त्यामुळे प्राणवायूही बेताचाच जाई. लेन्स जाड असली तर आणखी कमी.

प्राणवायू अपुरा पडला की पारपटलातील पेशी साखरेचे ज्वलन अर्धवट करतात आणि लॅक्टिक आम्ल साठू लागते. ते पाणी ओढून घेते, पारपटल फुगते, त्याच्या तंतूंची रेखीव मांडणी विस्कटते. मग उजेड विखरतो आणि दिव्याभोवती कडी दिसतात. जुन्या धर्तीच्या लेन्स रात्रभर ठेवल्यास ही सूज 10 ते 15 टक्क्यांपर्यंत जाते. असे महिनोन्महिने चालले, तर प्राणवायूच्या शोधात कडेच्या रक्तवाहिन्या पारपटलात शिरू लागतात. आमच्या भाचीच्या डोळ्यात डॉक्टरांना त्याच दिसल्या.

होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी 1984 साली याचे मोजमाप मांडले. लेन्समधून प्राणवायू जाण्याची क्षमता दिवसाच्या वापराला 24 पुरत असेल, तर झोपेत 87 लागते. म्हणजे तिपटीहून अधिक. पुढे 1999 च्या सुमारास सिलिकोनयुक्त नरम लेन्स बाजारात आल्या. त्यांतून प्राणवायू कितीतरी पट अधिक जातो, आणि सुजेचा प्रश्न बराचसा सुटला.

मग आता लेन्स घालून खुशाल निजावे काय? नाही. प्राणवायूची सोय झाली म्हणजे जंतूंचे भय टळले, असे नव्हे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील पाहणीत, नरम लेन्स फक्त दिवसा वापरणाऱ्या दर दहा हजार माणसांत वर्षाला सुमारे दोघांना पारपटलाचा जंतुसंसर्ग झाला. सिलिकोनच्या लेन्स रात्रीही ठेवणाऱ्यांत हाच आकडा सुमारे 25 होता. मिटलेल्या डोळ्यात लेन्सखालचे अश्रू बदलत नाहीत, आणि जंतूंना ठाण मांडायला अवसर मिळतो. अशा जखमेचा पांढरा डाग राहिला तर दृष्टी कायमची उणी होते.

तेव्हा लेन्स वाईट नव्हे. तिचा वापर जपून व्हावा. निजण्यापूर्वी ती काढावी. हात धुऊन कोरडे करावेत. लेन्सला नळाचे पाणी लावू नये, थुंकी तर नाहीच. डोळा लाल झाला, दुखला किंवा धूसर दिसले, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि चष्मा नेहमी जवळ असावा.

या शेवटच्या वाक्यापाशीच आमचे घर चुकले. लेन्स घेऊन दिली आणि चष्मा लपवायला सांगितला. म्हणजे औषध दिले आणि पथ्य काढून घेतले. भाचीचे डोळे दोन महिन्यांच्या उपचारांनी निवळले. त्या काळात तिची सासू भेटायला आली. सारे ऐकून घेतल्यावर ती आम्हाला म्हणाली, "मास्तर, चष्म्याला आम्ही नाही म्हटले असते, हे तुम्हाला कोणी सांगितले?" आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही विचारलेच नव्हते.

आपला ट्रस्ट गरजू मुलांना चष्मे देतो, ही भूषणाची गोष्ट आहे. आमची विनंती इतकीच की, दिलेला चष्मा मुलीच्या डोळ्यांवर राहील असे आपण सारे वागू या. स्थळ पाहताना चष्मा काढायला सांगू नये, आणि पाहायला जाऊ तेव्हा त्याची चौकशीही करू नये. सासरच्या घरात रात्री निर्धास्तपणे लेन्स काढून ठेवता आली, तर मुलीच्या डोळ्याला त्याहून मोठा प्राणवायू नाही.