पापडाची चौकट

मार्कंड्याला मी दोनच कामांसाठी जातो. एक महाशिवरात्रीची जत्रा, आणि दुसरं तिथले एक मिस्त्री. वैनगंगा जिथं वळून उत्तरेकडे वाहते, त्या देवळाच्या अलीकडे त्यांचं काम चालतं. दारं, खिडक्या, बंड्यांची डागडुजी. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्यापुढं दोन चपटे लाउडस्पीकर ठेवले. भाच्यानं पुण्याहून जुने घेऊन दिले होते. मिस्त्रींनी ते उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, याले तर पेटीच नाही जी. हा पापड बोलन कसा?"

शंका रास्त होती. आपल्या ओळखीच्या लाउडस्पीकरात कागदी शंकू आणि लाकडी खोका असतो. या चपट्या प्रकारात दोन्ही नसतात. केसाहून पातळ असा प्लॅस्टिकचा ताणलेला पडदा, त्यावर बारीक तारा, जवळच चुंबकाच्या पट्ट्या. तारांतून वीज खेळली की अख्खा पडदा हलतो, आणि आवाज पुढं जातो तसा मागंही जातो. म्हणून तो भिंतीला टेकवायचा नसतो. हात-दोन हात पुढं उभा करायचा. विलायतेत पीटर वॉकर यांनी १९५७ साली विजेच्या भारावर चालणारा असा पहिला गाजलेला नमुना विकायला आणला. चुंबकाचा प्रकार अमेरिकेत जिम वाइनी यांनी १९६९च्या सुमारास काढला.

आता गंमत अशी, की पडदा हवेला ढकलतो तेव्हा चौकटीलाही उलटा धक्का बसतो. धक्का छोटा असतो. पण चौकट उंच, बारीक, आणि तळाला पत्र्याचे पाय. माझे लाउडस्पीकर बोटानं ढकलले तरी डुलत. चौकट डुलली की बारीक आवाज आधी हरवतात. गाण्यात ते चालून जातं. मला गाणं ऐकायचं नव्हतं.

अब्बा आरागिरणीत लाकूड मोजत. त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट घरात आहे. त्यात ते मला घनफूट काढायला शिकवताहेत. निम्मं मराठी, निम्मं उर्दू, मधे खोकला. अम्मीला ती ऐकवली तेव्हा ती म्हणाली, "ये कौन बोल रहा?"

पहिली चौकट फसली, आणि ती माझ्या घाईमुळं. मिस्त्री नको म्हणत असताना मी ओलं लाकूड घ्यायला लावलं. चंद्रपूरकडचा उन्हाळा! मे महिन्यात तिचा एक कोपरा पिळवटला. आमच्या भागाचं सागवान नावाजलेलं; २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी तेच गेलं. माझ्या वाट्याला आमच्याच पडक्या घराचे वासे आले. पन्नास-साठ उन्हाळे खाल्लेलं लाकूड. त्याला आता वाकायचं काय उरलं होतं!

मिस्त्रींनी खिळा वापरला नाही. एका लाकडाला कुसू, दुसऱ्याला त्याच्या मापाचं भोक, आणि ठोकून बसवल्यावर गुण्या लावून चारही कोपरे तपासले. मागून दोन तिरप्या पट्ट्या दिल्या, पण पडद्याची पाठ मोकळी ठेवली. पाय तीनच. मी चौथा मागितला तर हसले. "तिपाई कधी डुलते का जी?" आमच्या ओबडधोबड फरशीवर ते लगेच पटलं. तळाला एक उथळ पेटी करून तिच्यात वैनगंगेची कोरडी वाळू भरली. बैठकीला वजन आलं, आणि वाळू थरथरही गिळते.

परीक्षा साधी. आवाज चालू असताना चौकटीवर हात ठेवायचा. आधी तळव्याला मुंग्या येत. आता फार तर बोटांच्या टोकाला काहीतरी जाणवतं. भाच्याला अजूनही हा सगळा माझ्या मनाचा खेळ वाटतो. वाटो बापडं.

गेल्या हिवाळ्यात अम्मीला पुन्हा ती कॅसेट लावून दिली. अब्बा आकडे सांगत होते, खोकत होते. ती काही बोलली नाही. मग एकदम हात वर केला, "मागे घे." मी टेप मागं घेतला. अब्बांच्या आवाजाच्या पलीकडं, कुठंतरी अंगणात, लोखंडी बादली टेकल्याचा आवाज होता. इतक्या वर्षांत मी तो ऐकलाच नव्हता.

"वो बालटी मैंने रखी थी," अम्मी म्हणाली.