धर्मसंकटाची पूर्वतयारी

(वाई येथे स्थानिक उद्योजक व व्यापारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



उद्योगातील नीती या विषयावर बोलण्यासाठी आपण एका पत्रकाराला पाचारण केलेत, याचे मला प्रथम नवल वाटले. मी कला शाखेचा पदवीधर. ताळेबंद वाचायला शिकलो तो बातमीच्या निमित्ताने आणि तोही चुका करत करत. परंतु ज्या गावात मी उभा आहे, त्या गावाला हा विषय नवा नाही, या विचाराने थोडा धीर आला.

नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेने याच वाईत धर्मकोशाचे प्रचंड काम हाती घेतले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९३७ साली त्याचा आरंभ झाला, तो व्यवहारकांडाने. पूजाविधीने नव्हे, व्रतवैकल्यांनी नव्हे, तर व्यवहाराने. तेथे व्यवहार म्हणजे तंटे आणि त्यांचा न्याय. मनूने या तंट्यांची अठरा पदे सांगितली आहेत. त्यांतली काही नावे पाहा. ऋणादान म्हणजे घेतलेले कर्ज. निक्षेप म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. अस्वामिविक्रय म्हणजे आपल्या मालकीचे नसलेले विकणे. संभूयसमुत्थान म्हणजे भागीदारीतला धंदा. वेतनाचे अदान म्हणजे केलेल्या कामाचे वेतन न देणे. आजचे कोणतेही वर्तमानपत्र उघडा. उद्योगविश्वातल्या बहुतेक बातम्या या पाच खणांत बसतात.

आपल्या पूर्वजांनी या तंट्यांना आधीच नावे देऊन ठेवली होती, हे मला महत्त्वाचे वाटते. माझ्या आजच्या बोलण्याचे सूत्रही तेच आहे. धर्मसंकट दारात येऊन उभे राहिल्यावर विचार करू लागणाऱ्याच्या हातून बहुधा चूक होते. उत्तर आधी ठरलेले असावे लागते.

मोह आणि धर्मसंकट

प्रथम एक भेद स्पष्ट करू. योग्य काय ते ठाऊक असते, पण ते महाग पडते, तेव्हा जो उभा राहतो तो मोह. दोन्ही बाजूंना खरी कर्तव्ये उभी राहतात आणि एक पाळताना दुसरे मोडते, ते धर्मसंकट. आपण गंमत अशी करतो, की बहुतेक वेळा मोहालाच धर्मसंकट म्हणतो. तसे म्हटले की मनाला बरे वाटते.

माझीच गोष्ट सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी एका जिल्हा दैनिकात वृत्तसंपादक होतो. आमच्या वार्ताहराने बातमी आणली, की एक पतसंस्था मुदत संपलेल्या ठेवी परत करीत नाही. ठेवीदार खेटे घालीत आहेत. त्याच संस्थेची दिवाळी अंकासाठी मोठी जाहिरात ठरलेली होती. व्यवस्थापकांनी मला बोलावून घेतले. ते दुष्ट नव्हते. ते म्हणाले, “कामगारांचा बोनस या जाहिरातींवर आहे. शिवाय बातमी छापली आणि ठेवीदारांची झुंबड उडाली, तर बरी असलेली संस्थाही बुडेल. आधी नीट खातरजमा करा.” मला ते पटले, खरे सांगायचे तर पटवून घ्यायचेच होते. बातमी टेबलाच्या खणात गेली.

तीन आठवड्यांनी संस्थेचे शटर बंद झाले. काही दिवसांनी एक निवृत्त शिक्षिका कार्यालयात आल्या. त्यांच्या हातात आमच्या अंकातल्या जाहिरातीचे कात्रण होते. ते पाहून त्यांनी निवृत्तीची बरीचशी रक्कम त्या संस्थेत ठेवली होती. त्यांनी आवाज चढवला नाही. “तुम्हाला हे आधी माहीत होते का?” एवढेच विचारले. मी “चौकशी चालू होती,” असे उत्तर दिले. ते खोटे नव्हते आणि खरेही नव्हते.

कामगारांचा बोनस हे माझे कर्तव्य होते, हे मान्य. घाईत छापलेल्या बातमीने संस्था बुडू शकते, हेही मान्य. पण खातरजमा करायला दोन दिवस पुरेसे होते आणि मी तीन आठवडे घेतले. त्या दोन दिवसांपुरते ते धर्मसंकट होते. त्यापुढे तो मोह होता.

साखळीतला प्रत्येक दुवा

आता याहून भयंकर प्रसंग. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचार घेणारे चौदा रुग्ण दगावले. त्यांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रव्य होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा दोष एका पुरवठादारापाशी थांबला नाही. रुग्णालयाची खरेदी, अन्न व औषध प्रशासन, थेट मंत्रालय, असा तो वर चढत गेला.

अशा साखळीत प्रत्येक जण आपल्यापुरता निर्धास्त असतो. विकणारा म्हणतो, घेणारा तपासून घेईल. घेणारा म्हणतो, परवाना देणाऱ्याने तपासलेच असेल. परवाना देणारा म्हणतो, कागद पूर्ण आहेत. कोणीच स्वतःला विष देणारा समजत नाही, आणि विष मात्र रुग्णापर्यंत पोहोचते.

आपण त्यातून शिकलो का? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके गेली. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणले होते. तामिळनाडूतील एका कारखान्याच्या त्या औषधाच्या नमुन्यात जवळजवळ निम्मे डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. एकोणचाळीस वर्षांनंतर तेच द्रव्य! कच्च्या मालाच्या प्रत्येक पिंपाची चाचणी करायला खर्च येतो आणि वेळ लागतो. पण तो वाचवावा की नाही, हा प्रश्न धर्मसंकटाचा नाहीच. तो चर्चेला येणे हीच कंपनीच्या ऱ्हासाची पहिली खूण.

औषधे दूरची वाटत असतील, तर हळदीकडे पाहा. वाई आणि सांगलीची हळद ही आपली ओळख. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. गिऱ्हाइकाला हळकुंड पिवळेधमक लागते. ती चमक आणण्यासाठी लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य वापरल्याचे प्रकार भारतात आणि बांगलादेशात उघड झाले आहेत. शिसे बालकांच्या मेंदूची वाढ खुंटवते. शेजारच्या दुकानातले हळकुंड अधिक चमकते, म्हणून प्रामाणिक व्यापाऱ्याचा माल पडून राहतो, हे त्याचे खरे दुःख आहे. एकट्याने लढून तो हरेल. पण बाजारपेठेतले सारे व्यापारी मिळून चाचणीची अट घालून घेतील, तर प्रामाणिकपणाचा भुर्दंड एकट्याच्या डोक्यावर पडणार नाही. नीती ही पुष्कळदा एकट्याने पाळायला अवघड आणि संघटितपणे पाळायला सोपी असते.

चौदा दिवस

आता ज्याला खरे धर्मसंकट म्हणता येईल, असे उदाहरण आपल्या सातारा-सांगलीच्या मातीतले. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने ऊस घेतल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला किमान दर द्यायचा असतो. उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. गाळप चार-पाच महिन्यांत उरकते, साखर मात्र वर्षभर विकली जाते. मधल्या काळात बँक साखरेवर मालतारण कर्ज देते आणि साखर विकली की आपले आधी वळते करून घेते. साखरेचे भाव पडले, तर कार्यकारी संचालकासमोर एकाच वेळी चौघे उभे राहतात : ऊस घातलेला शेतकरी, कारखान्याचा कामगार, ऊसतोडीची टोळी आणि बँक. चौघांचेही मागणे न्याय्य आहे.

येथे कोणाला तरी थांबावे लागणार, हे कठोर वास्तव आहे. परंतु लोकांचा संताप केवळ थांबावे लागल्याचा नसतो. कोणाला किती मिळाले, हे दडवले जाते, त्याचा असतो. संचालकांच्या नातलगाचे बिल वेळेवर निघते आणि दोन एकरवाल्याचे अडकते, असा संशय आला की वजनकाट्यावरचाही विश्वास उडतो. म्हणून देणी भागवण्याचा क्रम हंगामाच्या आधी सभेत ठरावा, फलकावर लागावा आणि वसुली-वाटपाचा हिशेब दर पंधरवड्याला उघडा असावा. सगळ्यांत लहान शेतकऱ्याचे बिल आधी आणि संचालकांच्या उसाचे सर्वांत शेवटी, एवढा एक नियम जरी केला, तरी कारखाना चालवणाऱ्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलेल. धर्मसंकट त्याने नाहीसे होणार नाही. पण त्याचा भार न्याय्यपणे वाटला जाईल.

लिहिलेली नीती आणि पाळलेली नीती

कोणी म्हणेल, मोठ्या कंपन्यांकडे आचारसंहिता असतेच. असते, पण तेवढ्याने भागत नाही. टाटा समूहाने १९९८ मध्ये आपली आचारसंहिता लेखी स्वरूपात आणली. तरीही २००१ मध्ये त्याच समूहातील टाटा फायनान्सचे गैरव्यवहार आणि शेअर बाजारातील व्यवहारांमुळे झालेले मोठे नुकसान उघडकीस आले. उत्तम घराण्याच्या घरातही असे घडू शकते, हा त्यातला पहिला धडा.

दुसरा धडा त्यापुढचा आहे. वेगळी कंपनी, मर्यादित जबाबदारी, असे म्हणून हात वर करण्याची सोय समूहाला होती. त्यांनी ती घेतली नाही. समूहाने पैसा उभा करून ठेवीदारांची देणी भागवली आणि गैरव्यवहारांविरुद्ध तक्रारही स्वतःच नोंदवली. ठेवीदाराने कंपनीचे कलम वाचून नव्हे, तर नाव वाचून पैसे ठेवले होते, हे त्यांनी मान्य केले. हाच तो निक्षेप. चूक होणार नाही अशी हमी कोणतीच कंपनी देऊ शकत नाही. चुकीची किंमत कोण मोजणार, हे मात्र ती ठरवू शकते.

मग करायचे काय?

आपल्यापैकी कोणाकडे पाच माणसे कामाला असतील, कोणाकडे पाचशे. माझ्या अल्प अनुभवातून चार गोष्टी सुचवतो.

पहिली, लक्ष्मणरेषा आधी आखा. काय कधीही करायचे नाही, हे धंदा बरा चाललेला असताना, शांत डोक्याने, कागदावर लिहा. अडचणीत लिहायला बसलात, तर लेखणी अडचणीच्या बाजूने चालेल.

दुसरी, नकार देणाऱ्याला सुरक्षित ठेवा. २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांना आणि जनतेच्या ठेवी घेणाऱ्या किंवा मोठी कर्जे असणाऱ्या काही कंपन्यांना तक्रारीची अशी यंत्रणा बंधनकारक केली आहे, की जिच्यामुळे कर्मचारी गैरप्रकार निर्भयपणे वरपर्यंत कळवू शकेल. लहान उद्योगाला कायद्याची वाट कशाला पाहायची? मालकाने वर्षातून दोनदा प्रत्येकाला विचारावे, “आपण करतो त्यातले काय तुला खटकते?” आणि उत्तर देणाऱ्याच्या पगारवाढीवर त्याची सावली पडू देऊ नये.

तिसरी, बक्षीस कशाला देता ते तपासा. भिंतीवर सचोटीची सुवचने लावायची आणि बढती मात्र कसेही करून उद्दिष्ट गाठणाऱ्याला द्यायची, असे चालले तर माणसे भिंत वाचत नाहीत, बढती वाचतात.

चौथी, किंमत वरून मोजायला सुरुवात करा. तोटा सोसायची वेळ आली, तर पहिली कपात मालकाच्या घरातून. ज्याने स्वतः काही सोडले आहे, त्यालाच दुसऱ्याला थांबा म्हणण्याचा अधिकार पोहोचतो.

त्या शिक्षिकेकडे परत येतो. पुढे पुष्कळ वर्षे मी स्वतःला भित्रा म्हणत आलो. आज थोडे वेगळे वाटते. जाहिरात विभागाचा माणूस बातमीविषयी संपादकीय विभागाशी बोलणार नाही आणि ठेवीदारांच्या पैशांची बातमी अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक काळ अडणार नाही, असे दोन नियम आमच्या दैनिकात आधीच असते, तर मला शूर व्हावे लागलेच नसते. नियम पाळला, एवढेच झाले असते. व्यवस्थापकही सुटले असते, मीही सुटलो असतो आणि बाईंची पुंजी वाचली असती.

शूर माणसे समाजात थोडीच असतात, आणि सगळीच संस्थांना लाभत नाहीत. बहुतेक आपण माझ्यासारखे, साधे, संसारी, थोडे भिणारे. अशा साध्या माणसालाही सरळ वागणे जमेल, अशी घडी बसवून देणे, हे उद्योग चालवणाऱ्याचे कर्तव्य आहे. आपल्या गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाला, हिशेबनिसाला, गोदामाच्या मुकादमाला उद्या एकट्याने धर्मसंकटाला तोंड द्यावे लागणार आहे. त्याचे उत्तर आज त्याच्या हाती देऊन ठेवा, एवढीच विनंती करतो आणि थांबतो.