घोड्याचें मौन

१९०४ सालीं बर्लिन शहरांत हान्स नांवाच्या एका घोड्याची मोठी ख्याति झाली. विल्हेल्म फॉन ऑस्टन या गणिताच्या शिक्षकानें त्याला हिशेब शिकविला होता. बेरीज विचारली कीं, हान्स तितक्या वेळां खूर आपटून अचूक उत्तर देई. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकानें हें कोडें उकललें. विचारणारास स्वतःस उत्तर ठाऊक नसलें, किंवा तो घोड्याच्या दृष्टीआड झाला, कीं हान्सची सारी विद्या संपे. ठोके योग्य संख्येवर पोंचतांच विचारणाराचें मस्तक नकळत किंचित् हाले आणि तेवढ्या खुणेवर हान्स थांबे.

घोड्याला गणित येत नाहीं, एवढेंच लोकांनीं यांतून घेतलें. परंतु माणसाला स्वतःलाही न जाणवणारी हालचाल त्यानें टिपली, हें नवल अधिक मोठें होतें. रागावलेल्या माणसाचें नुसतें छायाचित्र पाहूनही घोड्याच्या हृदयाची गति अधिक झपाट्यानें वाढते, असें इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१६ सालीं दाखविलें.

मग माणसानें घोड्याचा चेहरा कितपत वाचला? घोडा हा मूळचा कळपांत राहणारा आणि हिंस्र पशूंचें भक्ष्य होणारा प्राणी. दुखणें उघड करणें म्हणजे शत्रूला आमंत्रणच. म्हणून तो कुत्र्यासारखा विव्हळत नाहीं; मुकाट्यानें सोसतो. त्याच्या या मौनालाच माणूस स्वास्थ्य समजत आला.

२०१४ सालीं मिलान येथील एमानुएला दाल्ला कोस्ता व त्यांचे सहकारी यांनीं खच्ची करण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीचीं व नंतरचीं घोड्यांचीं मुखचित्रें ताडून पाहिलीं आणि वेदनेच्या सहा खुणा निश्चित केल्या: ताठरपणें मागें वळलेले कान, आक्रसलेला डोळा, डोळ्यावरील भागांतला ताण, उठून दिसणारे जबड्याचे स्नायू, आवळलेलें तोंड व ताणलेल्या नाकपुड्या. प्रत्येक खुणेला शून्य ते दोन गुण द्यावयाचे. बेरीज जितकी मोठी, तितकी वेदना अधिक असण्याचा संभव. एकट्या खुणेवरून मात्र निर्णय करूं नये. रागावलेला घोडाही कान मागें टाकतो.

या परीक्षेला उपकरण लागत नाहीं. सराव व क्षणभर थांबण्याची तयारी लागते. माथेरानसारख्या ठिकाणीं घोड्यावर बसण्यापूर्वी त्याच्या चेहऱ्याकडे अवश्य पाहावें. अशा दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, तर मालकाच्या कानावर घालून त्या दिवशीं पायींच जावें. घोड्याची विश्रांति व पशुवैद्याची भेट पुष्कळदां अशाच एका शब्दावर अवलंबून असते.