आपल्याच गावात पाहुणे

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. शाळेच्या आठवणी सांगणारे माझ्यापेक्षा सरस वक्ते इथे बसले आहेत, म्हणून मी शाळेच्या फाटकाबाहेरचं बोलतो.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून महिन्यातल्या एका रविवारी मी आठ-दहा जणांना घेऊन गिरगाव आणि फोर्ट पायी फिरवतो. पैसे घेत नाही. चहा मात्र ज्याचा त्याने प्यायचा. पुण्याचे येतात, नागपूरचे येतात, एकदा तर इंदूरहून एक मराठी कुटुंब आलं होतं. गिरगावात वाढलेला माणूस मात्र क्वचित येतो. विचारलं तर म्हणतो, "आम्हाला काय दाखवणार? आमचं सगळं पाहिलेलंच आहे!" आज मी सांगायला उभा आहे की, मंडळी, ते पाहिलेलं नाही. आपण डोंबिवली, बोरिवली, ठाण्याला गेलो आणि आपल्या पाठीमागे इथली बरीच बंद दारं उघडली.

ऑपेरा हाऊसचंच बघा. आपल्याला ते सिनेमाचं थिएटर म्हणून माहीत होतं, आणि त्याहून जास्त बसचा स्टॉप म्हणून. १९११ साली राजा पंचम जॉर्जच्या हस्ते, बांधकाम पुरं व्हायच्या आधीच, त्याचं उद्घाटन झालं. बालगंधर्वांनी ते रंगमंच गाजवलं, पुढे सिनेमे आले, आणि १९९३ साली त्याला टाळं लागलं. तेवीस वर्षं ती वास्तू तशीच पडून होती. आभा नारायण लांबा या वास्तुविशारद बाईंच्या देखरेखीखाली तिची दुरुस्ती झाली आणि २०१६च्या ऑक्टोबरात दार पुन्हा उघडलं. पुढच्याच वर्षी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आत गेल्यावर खुर्चीत बसायच्या आधी मान वर करून घुमट बघा. आपण तिथे सिनेमे पाहिले तेव्हा वर बघायचं कोणाला सुचलं होतं? अंधारच असायचा.

दुसरं ठिकाण राणीच्या बागेतलं, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. शाळेच्या सहलीत आपण हत्ती-माकडं बघून घरी आलो, संग्रहालय ओलांडून गेलो. १८७२ साली ते लोकांसाठी खुलं झालं. ते उभं राहावं म्हणून झटलेल्यांत आपले नाना शंकरशेट होते आणि डॉक्टर भाऊ दाजी होते. ज्यांच्या नावाच्या रस्त्यावरून आपण रोज शाळेत आलो ते हेच नाना. पाच वर्षांच्या कामानंतर २००८ साली संग्रहालय नव्या रूपात उघडलं. मध्यंतरी दुरुस्तीसाठी पुन्हा बंद ठेवावं लागलं आणि पुन्हा उघडलं. जुन्या वास्तूचं हे असंच असतं, एकदा रंग दिला की काम संपलं असं होत नाही. आत मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या आहेत. त्या काळच्या मुंबईतली निरनिराळ्या जातीजमातींची, धंद्यांची माणसं, त्यांच्या पगड्यांसकट. बाहेर दगडी हत्ती उभा आहे. तो घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो फुटला, आणि पुढे तुकडे जोडून त्याला उभं केलं. काळ्या घोड्याचा मूळ पुतळाही याच बागेत आहे, १९६५ साली तो फोर्टातून इथे हलवला. बुधवारी संग्रहालय बंद असतं, उगाच हेलपाटा घालू नका.

फोर्टात तर काय काय झालं आहे! १८६४ सालचं फ्लोरा फाउंटन दुरुस्त होऊन २०१९ साली पुन्हा थुईथुई उडू लागलं. काळ्या घोड्याजवळचं निळं सिनेगॉग त्याच वर्षी नव्याने उजळून खुलं झालं. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मुलांसाठी वेगळं संग्रहालय झालं. पेडर रोडला गुलशन महालात २०१९ पासून चित्रपटाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी लोकांपुढे पहिल्यांदा लागला तो आपल्या गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात, हे नातवंडांना तिथे उभं राहून सांगा. आणि म्हातारीच्या बुटाजवळून मलबार हिलच्या झाडीत शिरणारी ४८५ मीटरची लाकडी पायवाट २०२५च्या मार्चमध्ये सुरू झाली. तिकीट पंचवीस रुपये, ऑनलाइन काढायचं. गुडघ्यांना त्रास नाही, मी स्वतः चालून आलो आहे.

आता जरा अवघड गोष्ट. या फेरफटक्यात पाहुणे मला हमखास एक प्रश्न विचारतात. "हे सगळं बांधलं ते राजे-शेठ लोकांनी. साधी माणसं कुठे राहायची?" मी त्यांना चाळीकडे घेऊन जातो. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, ते दाखवतो. पण दर वर्षी दाखवायच्या चाळी कमी होत चालल्या आहेत. पुनर्विकासाला माझा विरोध नाही. सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहिलेल्या माणसाने चाळीचे गोडवे गाऊ नयेत. ज्यांना स्वतःचं न्हाणीघर मिळालं ते सुखी झाले, त्यांचा हक्कच होता तो. मात्र ऑपेरा हाऊस तेवीस वर्षांनी उघडता आलं, कारण इमारत जागेवर होती. चाळ पाडली की ती पुन्हा उघडत नाही. तिथल्या गॅलरीला युनेस्कोचा पुरस्कार मिळणार नाही.

म्हणून माझी या मेळाव्याला विनंती आहे. जुनी वास्तू दुरुस्त करणारे सगळ्यात आधी जुने फोटो आणि नकाशे शोधतात. आपल्या चाळींचे फोटो आपल्याच कपाटात आहेत. मुंजीचे, बारशाचे, गणपतीचे. त्यात माणसांच्या मागे जिना दिसतो, कठडा दिसतो, दोरीवरचे कपडे दिसतात. ते फोटो या वर्षभरात शाळेकडे आणून द्या. स्कॅन करून परत मिळतील, तेवढं काम मी अंगावर घेतो. फोटोच्या मागे चाळीचं नाव, मजला आणि साल पेन्सिलीने लिहा. घरात कोण कोण राहायचं, भाडं किती होतं, नळाला पाणी किती वाजता यायचं, तेही एका कागदावर उतरवा. बाई आणि सरांनाही माझी हात जोडून विनंती आहे. आमच्या खोड्या सांगायला तुम्ही चाळीचे जिने चढून आमच्या आयांकडे आला आहात. त्या घरांबद्दल तुम्हाला आठवतं ते आम्हाला सांगा, आम्ही लिहून घेऊ. आपल्यातले तिघे गेल्या मेळाव्याला होते, आज नाहीत. त्यांच्या घरची हकीकत आता कोणाला विचारायची?

आणि फिरायला या. आता भुयारी मेट्रोचं स्टेशन थेट गिरगावातच झालं आहे, दूर पडतं ही सबब चालणार नाही. जेवणानंतर मी दाराशी वही घेऊन बसतो. ज्यांना यायचं आहे त्यांनी नाव आणि फोन नंबर लिहावा, बरोबर किती नातवंडं येणार तेही. मराठीतून सांगेन, सावकाश चालेन, आणि या एका खेपेला चहा माझ्याकडून.