भिंतीतील निर्वात



थर्मास आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली दुपदरी पात्र तयार करून दोन पदरांमधील हवा काढून घेतली, आणि त्यात द्रवरूप वायू टिकू लागले. मग हीच युक्ती घराच्या भिंतीला का लावू नये?

अडचण आकाराची आहे. गोल बाटली बाहेरच्या हवेचा दाब पेलते. भिंत मात्र सपाट असते, आणि तिच्या प्रत्येक चौरस मीटरवर वातावरणाचा सुमारे १० टन भार पडतो. आतून आधार दिला नाही तर पदर एकमेकांस चिकटतील. दिला तर त्या आधारातूनच उष्णता वाट काढील.

यावर उपाय सापडला तो फ्यूम्ड सिलिका या अतिसूक्ष्म भुकटीत. ती दाबून तिची पाटी करतात, धातूचा पातळ लेप दिलेल्या बहुपदरी प्लास्टिकच्या पिशवीत घालतात, हवा शोषून घेऊन पिशवी बंद करतात. खरी मौज भुकटीतील छिद्रांची आहे. ती इतकी बारीक असतात की हवा थोडी विरळ होताच तिचे रेणू परस्परांवर आदळण्याऐवजी छिद्रांच्या भिंतींवरच आदळू लागतात, आणि हवेतून होणारे उष्णतेचे वहन जवळजवळ खुंटते. वातावरणाच्या दाबाचा हजारावा हिस्सा आत उरला तरी चालतो. ‘निर्वात’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘वारा नसलेला’ एवढाच. येथे तोच अधिक नेमका बसतो, असे अनुवादक म्हणून मला वाटते!

ताज्या पॅनेलची उष्णतावाहकता दर मीटर-केल्विनला सुमारे ०.००४ वॉट असते. खनिज लोकरीची ०.०३५च्या आसपास. परंतु थर्मासला एक दिवस पुरतो, इमारतीला अर्धे शतक. पिशवीतून बाष्प आणि हवा हळूहळू झिरपतच राहतात. म्हणून जाणता अभियंता ०.००७ ते ०.००८ हा आकडा धरतो. तरीही दोन सेंटिमीटरच्या पॅनेलने लोकरीच्या नऊ-दहा सेंटिमीटरचे काम होते. जुन्या इमारतीच्या नूतनीकरणात किंवा गच्चीच्या उंबरठ्याशी, जेथे जाडी वाढविणे शक्यच नसते, तेथे ही महाग वस्तू परवडते, सरसकट नव्हे.

शिवाय हे पॅनेल जागेवर कापता येत नाही, त्यात खिळा ठोकता येत नाही. प्रत्येक माप आधी ठरवून मागवावे लागते, आणि पुढे त्या घरात राहणाऱ्यालाही तसबीर कोठे टांगू नये हे सांगून ठेवावे लागते. पिशवी फाटलीच, तर वाहकता ०.०२०पर्यंत चढते. म्हणजे तेव्हाही ते पॅनेल तेवढ्याच जाडीच्या लोकरीहून सरसच असते.