आजारपणाचा खर्च आणि नात्याचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात हायस्कूलमधील एका सहायक शिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेले भाषण)



पालक-मेळाव्यात शिक्षकाने अभ्यासावर बोलावे अशी रीत आहे. आज मी दवाखान्याच्या खर्चावर बोलणार आहे. पटावरून एखाद्या मुलाचे नाव कमी होते, तेव्हा ते मूल अभ्यासात कच्चे होते असे फार थोड्या वेळा असते. घरात कोणी गंभीर आजारी पडते, दागिने मोडले जातात, कर्ज होते आणि मग पहिली काटछाट होते ती शिक्षणात, त्यातही मुलींच्या शिक्षणात. तेव्हा हा विषय शाळेचाच आहे.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत २०१७-१८ साली असे आढळले की, बाळंतपणे सोडून एका वेळच्या भरतीला सरकारी रुग्णालयात सरासरी सुमारे ४,४५० रुपये लागतात आणि खाजगी रुग्णालयात सुमारे ३१,८५० रुपये. म्हणजे सात पटींचा फरक. आणि ही सरासरी आहे. हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा कॅन्सरचा आजार असला तर आकडा कुठे जाईल हे मी सांगायला नको.

आता प्रश्न येतो नात्याचा. स्वतःचे आईवडील आजारी पडले तर काय करायचे हे प्रत्येकाला ठाऊक असते. पण सासू-सासरे आजारी पडले म्हणजे मोठी पंचाईत होते. मुलांनी करावे की जावयाने? नोकरीवाला जावई असला की सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. त्याने दिले तर त्याच्या घरात कुरबुर, नाही दिले तर बायकोच्या माहेरी तोंड दाखवायची सोय नाही.

माझ्या घरची गोष्ट थोडक्यात सांगतो. माझे सासरे हिंगणघाटच्या बाजूचे. सारे आयुष्य जिनिंगमध्ये काम केले. एके दिवशी छातीत दुखू लागले. मेहुण्यांनी घाईने त्यांना मोठ्या शहरातील एका खाजगी दवाखान्यात नेले. तिथे भरतीआधीच एक लाख रुपये अनामत मागितली. रात्री घरात बैठक बसली. मोठे मेहुणे ऑटो चालवतात, धाकट्यांचे छोटे दुकान आहे. मी पतसंस्थेच्या कर्जाचा विचार करीत होतो. माझ्या पत्नीने आपली पोत काढून समोर ठेवली आणि म्हणाली, "अब्बा माझे आहेत, दागिनेही माझे आहेत." यावर कोण काय बोलणार? तेवढ्यात शेजारच्या एका वयस्कर चाचांनी विचारले, "अरे, राशनकार्ड कुठे आहे?"

त्या एका प्रश्नाने सारे चित्र पालटले. सासऱ्यांना आपल्या जिल्ह्यातील योजनेच्या रुग्णालयात हलवले. तिथे कळले की राशनकार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही. एका कागदावर 'शेख' पुढे होते, दुसऱ्यावर मागे. 'मोहम्मद' एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसते 'मो.' या दुरुस्तीत दोन दिवस धावपळ झाली. शेवटी मंजुरी आली आणि शस्त्रक्रिया योजनेतून झाली. गाडीभाडे, नातेवाइकांचे राहणे-खाणे आणि बुडालेली मजुरी हा खर्च आम्हाला करावाच लागला. पण पोत पत्नीच्या गळ्यात राहिली.

ही योजना कोणती, ते नीट समजून घ्या. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ साली राज्यभर लागू झाली. २०१७ पासून तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव आहे. ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेसह एकत्रितपणे चालते आणि १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पूर्वी सर्वसाधारणपणे पिवळे किंवा केशरी कार्ड लागे. आता पांढरे कार्डवालेही पात्र आहेत. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. रुग्णाला नेताच पैशाच्या खिडकीकडे न जाता आधी त्याच्याकडे जावे. १५५३८८ या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. मात्र प्रत्येक आजार यात नाही आणि प्रत्येक दवाखानाही नाही, म्हणून आधी विचारावे, मग भरती करावे.

आणि लक्षात घ्या, सासरे तुमच्या राशनकार्डावर नसतात. त्यांचा हक्क त्यांच्या स्वतःच्या कार्डावर आहे. जावयाच्या पगाराचा त्याच्याशी संबंध नाही. आम्हा शिक्षकांना वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते, पण तिथे 'कुटुंब' या शब्दाची मर्यादा ठरलेली आहे. त्यात अवलंबून असलेले आईवडील येतात, जावयाचे सासू-सासरे येत नाहीत. तेव्हा जावयाची नोकरी आहे म्हणून सासऱ्यांचे कार्ड पेटीत ठेवणे हे दुहेरी नुकसान आहे.

आपल्या वर्धा जिल्ह्याचे भाग्य असे की, एकाच जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) अशी वैद्यकीय महाविद्यालयांची दोन मोठी रुग्णालये आहेत. शिवाय जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. धर्मादाय न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीत ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा राशनकार्ड दाखवावे लागते. मागितल्याशिवाय मात्र हे कोणी हातात आणून देत नाही.

सेवाग्रामने तर याहून मोठा धडा घालून दिला आहे. डॉ. सुशीला नायर यांच्या प्रयत्नांतून तिथे कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले आणि १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पुढे डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत आरोग्य विम्याची योजना चालवली. शेतकरी आणि मजूर सुगीच्या वेळी ज्वारी देत. जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. आजार पडेल तेव्हा त्या बळावर रुग्णालयात उपचार मिळत. पैसा हाती नसलेल्या माणसानेही आजार येण्याआधी तयारी करता येते, हे त्या ज्वारीने दाखवले. आपल्या मोहल्ल्यात महिन्याला थोडी थोडी रक्कम टाकून असा निधी उभा करता येणार नाही का?

आपल्याकडे जकातीचीही व्यवस्था आहे. आपल्या आईवडिलांना किंवा मुलाबाळांना जकात देता येत नाही. पण गरजू सासू-सासऱ्यांना देता येते, असे फिकहमध्ये सांगितले आहे. कर्जात बुडालेला माणूस हा तर जकातीच्या आठ हक्कदारांपैकी एक आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारावे. आणि नात्यात जो पैसा दिला-घेतला जातो तो लिहून ठेवावा. ही मदत आहे की उधारी, हे त्याच दिवशी ठरवावे. कर्ज लिहून ठेवण्याची शिकवण कुरआनाने दिलेली आहे आणि नाती तुटतात ती बहुधा न लिहिलेल्या हिशेबामुळे.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमचे काम. आज घरी गेल्यावर राशनकार्ड आणि सर्वांची आधार कार्डे समोर घ्या. प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मसाल अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहा. आजी-आजोबांचे, नाना-नानींचेही पाहा. जिथे फरक असेल तिथे वहीत लिहून वडिलांना द्या आणि दुरुस्तीचा अर्ज स्वतः भरा. लिहिता-वाचता येणाऱ्याने घराच्या उपयोगी पडणे हीच शिक्षणाची पहिली परीक्षा आहे.

पालकांना एवढीच विनंती की, आजार कितीही मोठा आला तरी मुलीचे नाव शाळेतून काढण्याआधी एकदा आमच्याकडे या. फी थांबवता येते, पुस्तके मिळवून देता येतात, अर्ज लिहून देता येतो. शाळा सुटली की पुन्हा धरणे कठीण असते.