लॅपटॉप घेताना : शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्यांशी चार शब्द

(समितीच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्हाला दिलेला विषय ऐकून काही ज्येष्ठांना नवल वाटले. धम्मावर भाषण होते, स्पर्धा परीक्षांवर होते. लॅपटॉप कोणता घ्यावा यावर कोणी भाषण करते का? शिवाय आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेतले कारकून. संगणकाचे इंजिनिअर नव्हे. परंतु विहारात भेटणारे पालक आम्हाला हमखास विचारतात, "साहेब, पोराला लॅपटॉप घ्यायचाय, तीस-पस्तीस हजारांत कोणता घेऊ?" आणि पालक चपला घालायला वळले की पोरगा हळूच विचारतो, "सर, त्यात गेम चालेल ना?"

हे दोन्ही प्रश्न खरे आहेत. तीस-पस्तीस हजार ही रक्कम मुरबाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर राबणाऱ्या किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरासाठी दोन-तीन महिन्यांची कमाई असते. ती एकदाच खर्च होते. चुकीची वस्तू घरात आली तर दुसरी आणायला पाच वर्षे लागतात, आणि तोपर्यंत मुलाचे शिक्षण संपलेले असते.

आमचीच चूक आधी सांगतो. २०२० साली टाळेबंदीत शाळा-कॉलेजे बंद पडली तेव्हा आमच्या थोरल्या भावाच्या मुलासाठी आम्ही एक लहानसा, अकरा इंची, दिसायला गोजिरवाणा नवा लॅपटॉप घेतला. दुकान कोणते, कंपनी कोणती, हे सांगण्यात अर्थ नाही, कारण चूक आमची होती. आम्ही फक्त किंमत आणि रंग पाहिला. आत ४ जीबी रॅम होती, ६४ जीबी साठवण होती आणि दोन्ही बोर्डालाच डाग देऊन चिकटवलेली, म्हणजे पुढे वाढवण्याची सोय नाही. वर आम्ही ताकीद दिली, "यात गेम टाकायचा नाही." पोराने ती पाळली. वर्षाच्या आत विंडोजचे अपडेट येऊन येऊन ती साठवण भरली. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी जातीच्या दाखल्याची फाईल चढेना, पडदा गोठून गेला. पोरगा पाऊस अंगावर घेत शहापूरला सायबर कॅफेत पळाला. अर्ज रात्री कसाबसा गेला. परत आल्यावर तो रागावला नाही, एवढेच म्हणाला, "काका, तुम्ही नको म्हणालात म्हणून मी एकही गेम टाकला नाही, तरी अडकला तो."

त्या वाक्यावर आम्ही फार दिवस विचार केला. आमची समजूत अशी होती की कामाचे यंत्र वेगळे आणि खेळाचे वेगळे. जे खेळासाठी निकामी ते कामासाठी चांगले, जणू काही ते सोवळ्यातले आहे! प्रत्यक्षात उलटे आहे. आज जे यंत्र साधा गेम पेलू शकत नाही ते तीन वर्षांनी ब्राउझरमध्ये चार पाने आणि एक एक्सेलची फाईलही पेलणार नाही.

लहान, स्वस्त आणि मुलांच्या हाती देण्याजोगा संगणक ही कल्पना काही नवी नाही, आणि ती आपल्या अगदी शेजारून गेली आहे. अमेरिकेतील एमआयटीचे निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची योजना मांडली. २००६ मध्ये आपल्या केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने ती नाकारली. तरीही २००७ मध्ये भारतातला तिचा पहिला प्रयोग झाला तो आपल्या मुरबाड तालुक्याला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात, खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे, सशाच्या कानांसारखे अँटेना असलेले ते यंत्र होते. रॅम २५६ एमबी, साठवण १ जीबी. आजचा साधा मोबाईलसुद्धा त्याच्या कितीतरी पुढे आहे. पण पडदा असा की उन्हात अंगणात बसूनही वाचता यावा, आणि वीज अगदी थोडी लागावी. किंमत मात्र शंभर डॉलरवर कधीच आली नाही, दोनशेच्या जवळपास राहिली. ती योजना आपल्या देशात पसरली नाही. उरुग्वेसारख्या छोट्या देशाने मात्र २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला असे यंत्र दिले. आम्हाला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या यंत्रात चित्रकला, संगीत आणि खेळ मुद्दाम घातलेले होते. शहर वसवण्याचा 'सिमसिटी' हा प्रसिद्ध खेळ त्याच्या कंपनीने या मुलांसाठी फुकट दिला होता. जगातल्या गरीब मुलांसाठी यंत्र बनवणाऱ्या विद्वानांना खेळ वर्ज्य वाटला नाही, तो आम्हालाच तेवढा वाटला.

असो. आता खरेदीकडे वळू.

रॅम आणि साठवण यांत पुष्कळांचा गोंधळ होतो. आमच्या बँकेतला दाखला देतो. साठवण म्हणजे रेकॉर्ड रूम, रॅम म्हणजे काउंटरवरचे टेबल. रेकॉर्ड रूम कितीही मोठी असो, टेबल वीतभर असेल तर कारकुनाला एक फाईल ठेवून दुसरी आणायला दर वेळी उठावे लागते आणि बाहेर रांग लागते. विंडोज ११ साठी कंपनीने कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण सांगितली आहे. ही अट यंत्र सुरू होण्यापुरती आहे, काम होण्यासाठी नव्हे. ८ जीबीच्या खाली आज जाऊ नये, आणि रॅम पुढे वाढवता येईल असा मोकळा खाचा असावा. २०२५ च्या अखेरीपासून जगभर मेमरीचे भाव चढले, त्यामुळे "आज ८ घ्या, भाव उतरले की १६ करू" हा मार्ग ज्याच्याकडे मोकळा खाचा आहे त्यालाच उपलब्ध आहे. दुकानातच हे तपासता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. तिथे किती खाचे वापरात आहेत ते लिहिलेले असते. "रो ऑफ चिप्स" असे दिसले तर रॅम चिकटवलेली आहे असे समजा. दुकानदार हसला तर हसू द्या, पैसे आपले आहेत.

साठवणीबाबत दुकानदाराला एकच शब्द विचारा, एसएसडी आहे की ईएमएमसी? ईएमएमसी बोर्डाला चिकटवलेली आणि संथ असते. आमची फसगत तिथेच झाली. एसएसडी निदान २५६ जीबी, जमल्यास ५१२ घ्यावी. जीटीए फाइव्हसारखा एकच खेळ सत्तर जीबीहून जास्त जागा खातो, हे मुलांना आम्ही सांगायला नको.

प्रोसेसरच्या बाबतीत नावावर जाऊ नये. सेलेरॉन किंवा एन-हंड्रेड लिहिण्या-वाचण्यास ठीक, पण आपल्या रकमेत आय-थ्री किंवा रायझन मिळत असेल तर तो घ्यावा. आकडाही फसवतो. रायझन थ्री ७३२०-यू ही चिप २०२२ साली आली, आकडा सातने सुरू होतो, पण तिची अंतर्गत रचना २०१९ ची आहे आणि तिच्यासोबतची रॅम चिकटवलेलीच येते. मोठा आकडा म्हणजे नवा माल, असे नसते.

गेमसाठी वेगळे ग्राफिक कार्ड आपल्या रकमेत येत नाही आणि लागतही नाही. प्रोसेसरच्या पोटातच चित्रे रंगवणारा भाग असतो, तो रॅममधूनच जागा उसनी घेतो. त्यामुळे रॅमच्या एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या असल्या की त्याच यंत्रावर खेळ बराच सुरळीत चालतो. माईनक्राफ्ट, व्हॅलोरंट, जुना काउंटर स्ट्राईक, बुद्धिबळ एवढे चित्रांचा दर्जा थोडा उतरवून नक्की चालते. याहून जड खेळासाठी हट्ट धरू नये. आणि पैसे लावून खेळायच्या रमी वगैरेंना आम्ही खेळ म्हणतच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यावर बंदीचा कायदा केला, त्याआधी रिकाम्या झालेल्या खात्यांची पासबुके आम्ही काउंटरवर छापून दिली आहेत. पासबुक हातात घेऊन उभ्या राहिलेल्या आईचे तोंड आम्हाला आठवते.

आपल्या भागाचा विचार वेगळा करावा लागतो. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले, सगळ्या महाराष्ट्रात नाव झाले. पण डोंगराकडच्या पाड्यांवर रेंज येते-जाते हे आपण रोज पाहतो. म्हणून ज्या यंत्राचे निम्मे काम इंटरनेटवाचून अडते ते इथे उपयोगाचे नाही. २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांचा, किलोपेक्षाही हलका जिओबुक बाजारात आला, कौतुकाची वस्तू होती. पण त्यात विंडोज नाही, रॅम ४ जीबी, म्हणून टॅली किंवा कॉलेजचे सॉफ्टवेअर लागणाऱ्या मुलाने त्या वाटेला जाऊ नये. वीज जाते, तेव्हा बॅटरी किती तास टिकेल हे जाहिरातीवरून न मानता वॉट-अवर पाहा. ४२ वॉट-अवरची बॅटरी आणि कामाला सरासरी १० वॉट लागत असतील तर चार तास, हे तोंडी गणित आहे. पावसाळ्यात कडाडू लागले की चार्जर भिंतीतून काढून ठेवा. आणि वजन! कसारा लोकलमध्ये आसनगावहून उभ्याने जाणाऱ्या मुलीला दोन किलोचे धूड आणि दीड किलोचे चौदा इंची यंत्र यांतला फरक कल्याण येईपर्यंत खांदा सांगतो.

आता जुन्या मालाविषयी. आपल्या लोकांना जुने घ्यायला कमीपणा वाटतो, विशेषतः ज्यांच्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे उतरलेले कपडे घातले त्यांना. तो सल आम्ही समजू शकतो. पण बाबासाहेब महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला शिकत होते तेव्हा पोटाला चिमटा काढून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले, ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून. ग्रंथ जुना होता म्हणून त्यातले ज्ञान कमी झाले नाही. कचेऱ्यांतून बदलून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक हे मजबूत असतात, उघडून दुरुस्त करता येतात, आणि त्यांतल्या पुष्कळांत रॅम वाढवता येते. मुरबाडकरांनी एसटीने कल्याण गाठावे, तिथे नाही पटले तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे आणि लॅमिंग्टन रोड पालथा घालावा. एक अट मात्र सोडू नये, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्याहून जुन्या पिढीला अधिकृतपणे चालत नाही. बिजागरी हलते का, बायोसला मागच्या कंपनीचे कुलूप राहिले आहे का, बॅटरी मूळ क्षमतेच्या किती उरली आहे, हे समोर बसून पाहावे. पक्के बिल घ्यावे, त्यावर यंत्राचा क्रमांक लिहून घ्यावा.

पैशाविषयी कारकून या नात्याने बोलतो. "बिनव्याजी हप्ता" असे काही नसते. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही, प्रक्रिया शुल्क लागते, त्यावर जीएसटी लागतो. व्याज दुसऱ्या नावाने येते. त्यापेक्षा ज्यांना शैक्षणिक कर्ज घ्यायचेच आहे त्यांनी लक्षात ठेवावे की अभ्यासक्रमासाठी आवश्यक असेल तर संगणकाची रास्त किंमत त्या कर्जात धरता येते. अर्जाबरोबरच कोटेशन जोडा. फी मंजूर झाल्यावर आठवण आली तर कर्जाची फाईल पुन्हा फिरवावी लागते, आणि आमच्याकडे फाईल पुन्हा फिरवणे काय असते ते तुम्हाला माहीत आहे.

मराठी टायपिंगचेही सांगतो. युनिकोडमध्ये इन्स्क्रिप्ट शिका, विंडोजमध्ये ते फुकट असते. आपल्या समितीची जुनी इतिवृत्ते श्रीलिपीत आहेत, ती नव्या यंत्रावर उघडली की नुसती रांगोळी दिसते.

आणि शेवटचे. १९१७ साली बाबासाहेब परतले तेव्हा त्यांचे ग्रंथ ज्या जहाजाने येत होते ते महायुद्धात पाणतीराने बुडाले. त्या काळी दुसरी प्रत ठेवण्याचा उपाय नव्हता. तुमच्याकडे तो आहे. दाखले, गुणपत्रिका, प्रकल्प यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घरच्या ट्रंकेत ठेवा.

आमच्या पुतण्याला २०२३ मध्ये आम्ही जुना, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह घेऊन दिला. परवा त्याची रॅम १६ केली. दिवसा तो कल्याणला एका कचेरीत हिशेब लिहितो, रात्री फुटबॉलचा गेम खेळतो. आम्हीही एकदा खेळून पाहिला, सात-शून्य हरलो.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात बसणार आहोत. ज्यांना खरेदी करायची आहे त्यांनी दुकानदाराचे कोटेशन किंवा जाहिरातीचे कात्रण घेऊन यावे. चार-पाच जण झाले तर त्याच्या पुढच्या रविवारी आसनगावहून सकाळच्या लोकलने लॅमिंग्टन रोडला एकत्र जाऊ. त्यातले काही रस्ते रविवारी बंद असतात असे कोणी म्हणत असेल तर शनिवारी जाऊ, आम्ही रजा टाकतो.

जय भीम. नमो बुद्धाय.